अर्धओठी

"मावशी, मला असं करून दे," म्हणत दाडोने मोबाइल डिकेलच्या नाकासमोर धरला.

डिकेल कापसाचे बोळे वळत बसली होती. पोदोरच्या बाजारात, सुक्या मासळीच्या ओळीमागे, तिचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, एक फळी. नदीच्या या काठावर ज्या घरात लग्न निघायचं, त्या घरची नवरी आधी या खुर्चीत बसायची. तिने बोळे बाजूला सारले, चष्मा वर चढवला आणि बघितलं.

पडद्यावर एक तोंड होतं. नुसतं तोंड, ना डोळे ना कपाळ. खालचा ओठ काळा, पिकल्या जांभळाच्या सालीसारखा निळसर काळा. वरचा ओठ कोरा. वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात एक तीळ.

"याला वोयी म्हणतात," दाडो म्हणाली. "राजधानीत सगळ्या पोरी लावतायत. खालचा काळा, वरचा तसाच सोडायचा. रविवारी कंपनीचे लोक इथेच येणारेत, शाळेच्या पटांगणात. मावशी? अशी काय बघतेस, उंट चावल्यासारखी?"

"ऊठ."

"काय?"

"खुर्चीवरून ऊठ. वोयी म्हणजे काय, माहीत आहे तुला?"

"न कळायला काय झालं? वोयी म्हणजे रडली. पण राजधानीतल्यांना आपली पुलार कुठे येते? त्यांच्या वोलोफमध्ये वोय म्हणजे गाणं. त्यांना वाटतंय गाण्याचं नाव आहे." दाडो हसली. एकोणीस वर्षांची होती ती, तिचे सगळे दात दिसले. "आम्ही सगळ्या मैत्रिणी हसून हसून मेलो. लिपस्टिकचं नाव काय, तर रडली!"

"मग घरी जा आणि आईला विचार, कोण रडली."

दाडो गेली. दाडोची आई म्हणजे राकी. पोदोरमध्ये ही गोष्ट विचारायची तर राकीलाच विचारायला हवी. कारण या फोटोच्या पाठीवरचे ते दोन शब्द राकीनेच लिहिले होते.

डिकेलने आरशाकडे पाठ केली. मोबाइलवरचं स्वतःचं तोंड ओळखायला तिला एक क्षण लागला, याचाच तिला अधिक राग आला. पण लागणारच. तेहतीस वर्षं तिने ते कुणाला दाखवलं नव्हतं. रोज पहाटे, अंगण झाडायच्याही आधी, वरच्या ओठावर गडद रंग चढवायचा, दोन्ही ओठ एकसारखे करायचे, आणि मगच दाराची कडी काढायची.

*

डबीच्या पाठीवर छापलेलं, जसंच्या तसं:

वोयी. दोन टोकांची लिपस्टिक. एका टोकाला रात्र, दुसऱ्या टोकाला वाळू. नदीकाठच्या बायका लग्नाआधी ओठ गोंदवताना जे प्राचीन गाणं गात, त्याचं हे नाव. दोन दिवस पुसलं जाणार नाही. खा, प्या, गा.

*

फोटोच्या पाठीवर लिहिलेलं, निळ्या शाईत, शाळकरी अक्षरात:

ओ वोयी.

ओ म्हणजे ती. वोयी म्हणजे रडली. दोन शब्द, त्यातला एक तर अक्षरच. तेवढ्यात एक लग्न मोडलं.

*

इतर मुलखांत तोंड काळं झालं की अब्रू जाते. डिकेलची गेली ती तोंड पुरतं काळं झालं नाही म्हणून.

गावाला माहीत असलेली गोष्ट अशी. लाकूड कोरणाऱ्यांच्या घराण्यातली ताक्को गाजो ही नदीकाठची सगळ्यांत हात हलका असलेली गोंदणारी. पुरुषांनी उखळं कोरायची आणि बायकांनी ओठ, हा त्या घराण्याचा धंदा. नवरी होणारी पोरगी चटईच्या आडोशाला पाठीवर झोपते. शेंगांच्या टरफलांची काजळी झाडाच्या बियांतून काढलेल्या लोण्यात कालवलेली असते, सात सुयांची जुडी दोऱ्याने बांधलेली असते. आधी खालचा ओठ, दुसऱ्या दिवशी वरचा, मग हिरड्या. आडोशाबाहेर बायका गात असतात, ते पोरीला धीर यावा म्हणून, आणि कान देऊन असतात, ते तिचा धीर सुटतो का ते ऐकायला. पोरगी रडली, ओरडली, नुसतं कण्हली तरी सुई खाली ठेवायची. पुन्हा उचलायची नाही. मग ती पोरगी जन्मभर तशीच. ताक्कोची स्वतःची लेक, पंधरा वर्षांची, खालच्या ओठानंतर रडली. लग्न चार दिवसांवर आलेलं. आदल्या दिवशी खालचा ओठ झाल्यावर फोटोवाल्याने काढलेला फोटो होणाऱ्या नवऱ्याकडे, सिलेयकडे, गेला होता. तो परत आला. नवऱ्याच्या बहिणीला, राकीला, लिहिता येत होतं. तिने पाठीवर कारण लिहिलं.

तेव्हापासून अर्धओठी. पुढे एका विधुर नावाड्याने तिला केली तेव्हा त्याच्या भावाने भर बैठकीत म्हटलं, अर्ध्या ओठाला अर्धं देज. बैठक हसली. नावाडीही हसला. डिकेल आत बाजरीच्या कण्यांची लच्चिरी वाफवत होती, तिनेही ऐकलं. त्या दिवशी लच्चिरी खारट झाली आणि सगळ्यांनी मुकाट खाल्ली.

*

झालेली गोष्ट.

रिवाजाप्रमाणे आई आपल्या लेकीला गोंदत नाही, आत्या नाहीतर शेजारगावची कुणी गोंदते. पण ताक्कोला शेजारगावची चालेना. माझ्या लेकीच्या तोंडाला त्या आडदांड हाताची बाई लागणार? मीच करेन.

खालचा ओठ झाला. डिकेल आढ्याच्या एका काटकीकडे बघत होती. त्या काटकीला तीन गाठी होत्या. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. तोंडात रक्ताची आणि काजळीची चव. डोळे कोरडे, उन्हाळ्यातल्या नाल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सुई वरच्या ओठावर आली आणि थरथरली. एक थेंब डिकेलच्या कपाळावर पडला. रक्ताचा नव्हता, कोमट होता. मग दुसरा. आणि मग आईच्या तोंडातून तो आवाज आला. बाळंतिणीच्या घरातून येतो तसा. डिकेलने आईला तसा आवाज काढताना कधीच ऐकलं नव्हतं. बाप गेला तेव्हाही नाही.

बाहेरचं गाणं तुटलं.

"ताक्को! रडली का गं ती?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

आईने लेकीकडे बघितलं. लेकीने आईकडे. डोळे पुसत आई म्हणाली, "रडली."

त्याच दुपारी आईने तिच्या पायाला हात लावला. आईने, लेकीच्या पायाला! "गोंदणारी रडते हे कळलं तर उद्यापासून दाराशी कुणी येणार नाही. तुझ्या मागे दोन लहान आहेत. मी सुया ठेवल्या की सांगेन. सगळ्यांना सांगेन. तुझं नाव धुऊन देईन."

पंधरा वर्षांची पोर म्हणाली, बरं.

आता या गोष्टीत आणखी काही नाही. ती रडली नव्हती. हे एका माणसाने चारचौघांत म्हणावं, एवढंच डिकेलला हवं होतं, आणि ते माणूस अजून जिवंत होतं, अंगणात बसून खरबुजाच्या बिया सोलत होतं.

*

"फोटो तू दिलास?"

"कुठला?" ताक्कोला आता नीट दिसत नव्हतं, पण बिया बोटांनी बरोबर सापडत होत्या.

"आई, मला चिडवू नकोस."

"अगं, ट्रंकेत सडत होता. ती पोरगी आली राजधानीतून. गोड बोलली. जुन्या बायकांच्या जुन्या गोष्टी गोळा करते म्हणाली. साखरेच्या दोन ढेपा घेऊन आली होती."

"दोन ढेपांना विकलंस मला."

"मोठ्या होत्या ढेपा."

डिकेलने बियांचं सूप लाथाडलं. बिया अंगणभर झाल्या, कोंबड्या धावून आल्या. म्हातारी ढिम्म बसून राहिली, नुसता हात सुपाच्या जागी चाचपडत.

"रविवारी तुला स्टेजवर बसवणारेत," डिकेल म्हणाली. "शेवटची गोंदणारी म्हणून. सत्कार आहे. निळा झगा आणि माइक. तिथे सांगायचंस."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

"आता सांगून कुणाला उपयोग? सिलेयने दुसरी केली, तिसरी केली, मेलासुद्धा."

"मी मेले नाही अजून. सुया ठेवल्या की सांगेन म्हणाली होतीस. नऊ वर्षं झाली ठेवून."

"नऊ झाली?"

"नऊ."

"दिवस कसे जातात बघ."

"आई!"

"ओरडू नकोस. मी खोटं बोलले नव्हते." म्हातारीने मान वर केली, आणि तिच्या हिरड्या दिसल्या, अजून कोळशासारख्या काळ्या, दात पडले तरी रंग न पडलेल्या. "मी नाव घेतलं नव्हतं. रडली, एवढंच म्हणाले. आत एक रडली होती. हे खरंच होतं."

"आत दोघीच होतो!"

"दोघी होतो, म्हणूनच. त्यांनी विचारायला हवं होतं, कुठली ती. कुणी विचारलं नाही. राकीने विचारलं? तिच्या भावाने विचारलं? तेहतीस वर्षांत एकीने तरी विचारलं?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. डिकेलची गेली आणि तिथेच राहिली. कारण म्हातारीचं बोलणं खोटं नव्हतं. ते त्याहून वाईट होतं. ते बरोबर होतं.

*

डिकेलच्या दुकानातली फळी, डावीकडून उजवीकडे. कंपनीची बाई आली तेव्हा तिने आधी तिचाच फोटो काढला, म्हणून इथे.

अगदी डावीकडे मातीचं बोळकं. आत ताक्कोने केलेली शेवटची काजळी, आता दगड झालेली. त्यामागे हजला गेलेल्यांनी आणलेला सुरमा आणि मेंदीचा डबा.

मग रिकामी पितळी नळी. पोदोरमध्ये आलेली ही पहिली लिपस्टिक. डिकेलच्या आजीला गोऱ्या व्यापाऱ्याच्या बायकोने जाताना दिली. ती ओठाला लावायची असते हे आजीला कुणी सांगितलं नाही. ओठ काळे करून झालेल्या बाईच्या डोक्यात तरी ते कसं यावं? लाल ओठ म्हणजे सोललेला ओठ. आजीने त्या लाल रंगाने बकरीदच्या मेंढीच्या पाठीवर खूण केली, शेजाऱ्याच्या मेंढीत मिसळू नये म्हणून. मेंढी झकास दिसत होती म्हणतात.

मग तांबड्या, गुलाबी, चकाकणाऱ्या. काही लागोसहून, काही त्याहून लांबून. दोनदा त्यांनी गिऱ्हाइकांचे ओठ सोलले, ते खोके डिकेलने नदीत ओतले. आणि नदीवर दोन दिवस गुलाबी तवंग तरंगला.

मग वीतभर मोकळी जागा. तिथे आधी गोरं करायची मलमं असायची. एक नवरी परत आली, तिच्या गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. तेव्हापासून ती जागा रिकामी आहे आणि कुणी विचारलं तर डिकेल शिव्या देते.

आधी काळं म्हणजे सुंदर. मग लाल म्हणजे सुंदर. मग गोरं म्हणजे सुंदर. आणि आता पुन्हा काळं, पण दोन दिवसांत जाणारं, पैसे देऊन परत घ्यायचं. बाईचं तोंड म्हणजे ग्रामपंचायतीची भिंत. ज्याला जे वाटेल ते त्याने रंगवून जावं.

*

कंपनीची बाई म्हणजे मारेम बा. तिशीची, झगझगीत, बोलताना सारखा हात धरणारी.

"ताता डिकेल!" ती वोलोफमध्ये म्हणाली. राजधानीत मोठ्या बाईला ताता म्हणतात. "तुम्ही ताक्को आजींची मुलगी! रविवारी तुम्हीच दुभाषी व्हा. आजी पुलार बोलतील, तुम्ही आम्हाला वोलोफमध्ये सांगा. आणि मुलींचे ओठ पण तुम्हीच रंगवा ना."

"आडनाव बा आणि पुलार येत नाही?"

मारेम लाजली. "आजोबांना यायची. बाबांनी शिकवली नाही."

"तरीच. बा म्हणजे गुरं चोरणारे. गुरं नेली, भाषा विसरली." ही इथली आडनावांची जुनी थट्टा होती, त्यावर उलटून चार शब्द यायला हवे होते. मारेमला तेही ठाऊक नव्हतं. ती नुसती हसली.

"हे नाव कुणी ठेवलं?" डिकेलने डबी उचलली.

"मी! फोटोच्या मागे लिहिलं होतं. कुणीतरी किती प्रेमाने त्या मुलीच्या फोटोमागे 'गाणं' लिहून ठेवलं असेल, हे मनात आलं आणि मला रडूच आलं."

डिकेलने तिच्याकडे बघितलं. या बयेच्या कानफटात द्यावी, की हिला पाणी द्यावं, हे तिला ठरवता येईना. तिने काहीच दिलं नाही.

"ओठ मी रंगवणार नाही," ती म्हणाली. "दुभाषी होईन."

*

रविवार, सकाळ, शाळेचं पटांगण.

ताडपत्रीचा मांडव. भाड्याच्या खुर्च्या, पुढच्या ओळीत गावातल्या मोठ्या बायका, त्यांत राकी, पिवळ्या जरीच्या झग्यात. मागे वोलोफ बोलणारी कंपनीची माणसं, कॅमेरे. बाजूला ढोलवाले. राजधानीहून आणलेल्या दुसऱ्या बाईने रंगवलेल्या गावातल्या वीस पोरी, वीस काळे खालचे ओठ, वीस कोरे वरचे. त्यांत दाडो.

स्टेजच्या मागे ते तोंड. दोन पुरुष उंचीचं. तीळ घमेल्याएवढा.

डिकेल डोक्यावरच्या ओढणीचा पदर तोंडावरून नाकापर्यंत घेऊन आली. त्या पहाटे तिने कडी काढली होती, रंग न लावता.

ताक्कोला खुर्चीत बसवलं. निळ्या झग्याला इतकी खळ होती की म्हातारी आत हलली तरी झगा हलत नव्हता. मारेमने माइक धरला, बरंच बोलली, मग म्हणाली, "आजी, या फोटोतली मुलगी कोण होती?"

डिकेलने पुलारमध्ये विचारलं, "विचारतेय, फोटोतली पोरगी कोण."

"होती एक पोरगी," ताक्को म्हणाली.

"म्हणते, होती एक मुलगी," डिकेलने वोलोफमध्ये सांगितलं.

"आणि तिने काय केलं?" मारेमचे डोळे चमकत होते. उत्तर तिला माहीत होतं. डबीवर छापलं होतं.

"काय केलं तिने, आई?"

म्हातारीचं दात नसलेलं तोंड दोनदा हललं.

"ओ वोयी."

"वोयी!" मारेम ओरडली. मागची माणसं टाळ्या पिटू लागली, ढोल दोनदा वाजला. पुढच्या ओळीत बायकांनी तोंडाला पदर लावले, खांदे हलत होते. राकीने जीभ दाताला लावून तुच्छतेने 'च्च' केलं.

आता दुभाषीने बोलायचं. सगळे थांबले.

डिकेल वोलोफमध्ये काही बोलली नाही. तिने माइक आईच्या तोंडापासून आपल्या तोंडाशी घेतला आणि पुलारमध्ये विचारलं, पटांगणाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं.

"कोण रडली?"

ताक्कोने आवाजाच्या दिशेला मान वळवली.

"तू म्हणालीस ना, कुणी विचारलंच नाही. मी विचारते. आत दोघी होत्या. कुठली ती?"

"मला दात नाहीत," म्हातारी म्हणाली. "शब्द नीट निघत नाही."

दोनतीन बायका हसल्या.

"रडली म्हणताना निघाला की! कोण रडली, आई?"

"ऊन फार आहे गं, डिकेल."

डिकेलने पदर खाली ओढला.

पुढची ओळ आधी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिच्या डोक्यावरच्या त्या प्रचंड तोंडाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. खालचा काळा. वरचा कोरा. तीळ. कुणीतरी अल्लाचं नाव घेतलं. हसणं बंद झालं. ताक्कोला ते दिसलं नाही, पण हसणं बंद झालेलं ऐकू आलं. आयुष्यभर आडोशाच्या आत बसून बाहेरचा आवाज कधी बदलतो हे ऐकायची तिला सवय होती.

"तेहतीस वर्षं," डिकेल म्हणाली. "लग्न गेलं. नाव गेलं. माझ्या लेकीच्या मंगनीतही कुणी विचारलं, आईसारखी रडकी आहे का. मी तुझी भाकर खाल्ली, तुझी दोन पोरं जगली, बरं म्हणाले होते, तर बरंच म्हटलं. आता विचारते. कोण रडली?"

म्हातारीने माइकसाठी हात पुढे केला. डिकेलने तो तिच्या हातात दिला नाही, नुसता तोंडापाशी धरला.

"मी," ताक्को म्हणाली. "मी रडले. सुई माझ्या हातात होती आणि मीच रडले. हिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं." मग जुन्या करारीपणाने, "असली पोरगी माझ्या हाताखाली पुन्हा आली नाही."

पुढच्या ओळीतल्या माना राकीकडे वळल्या.

राकी उठली. बसली. पुन्हा उठली. "मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी ऐकलं ते लिहिलं."

"अक्षर छान होतं तुझं, राकी," डिकेल म्हणाली. "बघ, सगळ्या देशाने वाचलं."

"ताता," मारेम मध्येच तिचा हात धरून कुजबुजली. "काय झालं? आजी काय म्हणाल्या?"

डिकेलने हात सोडवला. आणि मग तिने दुभाषीचं काम चोख केलं. आईचा एक शब्द गाळला नाही, वर आपले चार घातले. वोयी म्हणजे गाणं नव्हे. वोयी म्हणजे रडली. ती शिवी आहे. ती माझ्या लग्नाच्या थडग्यावर कोरलेली आहे आणि तू ती डबीवर छापलीस. फोटोतलं तोंड माझं आहे, हे बघ. आणि रडली ती मी नव्हे, माझी आई.

मारेमचा चेहरा राखेसारखा झाला. तिने कॅमेऱ्यांकडे बघितलं. कॅमेऱ्यामागच्या माणसाने बोटाने खूण केली, बोल, बोलत राहा. आणि मारेम बोलली. तिचा आवाज खरोखर भरून आला होता, हेच जास्त किळसवाणं होतं.

"ऐकलंत?" ती माइकमध्ये म्हणाली. "अश्रूही आणि गाणंही! एका आईचं रडणं, एका मुलीचं मौन! हीच वोयी!"

मागची माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. ढोल सुरू झाले.

*

दुपारी डिकेलने दुकान उघडलं. रविवारी ती कधी उघडत नसे. ताक्को तिच्या मागोमाग भिंत चाचपत आली आणि दाराबाहेरच्या बाकावर बसली. खळीचा झगा अजून अंगावर होता. आत ये असं डिकेल म्हणाली नाही. तिने दाराचा पडदा ओढला.

थोड्या वेळाने पडदा हलला. दाडो. तोंडावर हात.

"मावशी, हे जात नाही."

"दोन दिवस जाणार नाही. डबीवर लिहिलंय."

"आईने आरशासमोर उभं करून मुस्काटात मारली. म्हणाली, हे तोंड घेऊन घरात येऊ नकोस. मी साबण लावला, वाळू लावली. मावशी, मी आईला विचारलंच नव्हतं. मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं? हसून हसून मेलात ना तुम्ही?"

दाडोने मान खाली घातली. डिकेलने तिच्याकडे बरंच बघितलं. राकीचंच नाक होतं. मग तिने पायाने खुर्ची पुढे ढकलली.

"बस."

तिने शेंगदाण्याचं तेल कोमट केलं, कापसाचा बोळा भिजवला आणि खालच्या ओठावर घासायला लागली. रंग चिवट होता. साबणाने आणि वाळूने ओठ आधीच सोलला होता. डिकेलचा हात हलका नव्हता, आणि आज तर मुळीच नव्हता. दाडोने खुर्चीचे दांडे धरले, डोळे आढ्याला लावले, श्वास कोंडला. आवाज नाही. या गावच्या पोरींना सुया गेल्या तरी तेवढं मात्र कुणीतरी शिकवून ठेवलं होतं.

डिकेलचा हात थांबला.

"काय मोजतेस वर?"

"काही नाही."

"दुखतंय?"

"नाही."

"खोटारडे! दुखतंय. ओरड."

"मावशी?"

"ओरड म्हणते ना! इथे कुणाची सुई थांबत नाही. मोठ्याने ओरड. माझ्या दुकानात गप्प बसायचं नाही."

तिने बोळा पुन्हा टेकवला आणि दाबून ओढला. दाडोच्या तोंडातून आधी नुसता श्वास निघाला, मग एक कण्हणं, मग ती खरंच रडायला लागली, लहान मुलासारखी, नाक वाहेपर्यंत, आई गं आई गं करत. मासळीवाल्या बायका माना वळवून बघू लागल्या. डिकेल पुसत राहिली. कापूस काळा होत गेला.

बाहेरच्या बाकावर झगा करकरला. म्हातारीने कान पडद्याला लावला असावा.

"डिकेल?" ताक्कोने विचारलं. "आत कोण रडतंय गं?"

डिकेलने काळा बोळा बादलीत टाकला आणि नवा घेतला.

"थांब," ती म्हणाली. "नाव घेऊन सांगते."